बाबा आडवे जातात

दादा कुलूप घेऊनच आला. आदल्या दिवशी बाबा एकटेच फाटकाबाहेर पडले, घराची वाट विसरले आणि चौकातल्या औषधवाल्यानं त्यांना ओळखून आणून सोडलं. झालं! दादाचा निकाल तयार: आजपासून फाटक बंद.

"मग कॅमेरा काय शोभेला लावलाय?" मी विचारलं. कॅमेरे बसवणं हा माझा धंदा, पण आईबाबांकडचा मात्र दादानं हौसेनं स्वतः ठोकलेला.

"दिवसभर कोकलतो मेला," आई म्हणाली. "झाड हललं, वाजला. गाडी गेली, वाजला. शेवटी फोनचा आवाजच बंद केला मी."

लांडगा आला रे आला, दुसरं काय! दादासाहेबांनी सेन्सिटिव्हिटी फुल्ल ठेवलेली. जास्त म्हणजे चांगलं, हे यांचं गणित.

"थांब जरा," मी म्हटलं. "मला नाही जमलं तर कुलूप मीच लावते."

आईच्या मोबाइलचा आवाज पुन्हा चालू केला आणि कॅमेऱ्याच्या चित्रात फक्त पायवाट आणि फाटक यांच्याभोवती चौकट आखली. झाड बाहेर, रस्ता बाहेर. सेन्सिटिव्हिटी अर्ध्यावर आणली. दादा तरातरा फाटकापर्यंत गेला. फोन वाजला! मग बाबा गेले, पाय घासत, सावकाश. फोन ढिम्म. दादानं कुलपाची किल्ली काढली.

बाबा परत येईपर्यंत डोक्यात उजेड पडला. कॅमेरा दारावर, आणि बाबा त्याला पाठ करून सरळ लांब जाणार, तेही इतके सावकाश की चित्रात हलल्यासारखे दिसतच नाहीत.

"अरे, मांजर आडवं गेलं तरच आपण दचकतो ना? याचंही तसंच आहे!"

शिडी लावली, कॅमेरा उतरवला आणि बाजूच्या भिंतीवर बसवला, पायवाट समोरून आडवी जाईल असा. चौकटही नव्यानं आखली.

"बाबा, अजून एकदा."

"कवायत चाललीय का माझी?" बाबा करवादले, पण निघाले. अर्ध्या वाटेत फोन खणखणला. वाऱ्यानं झाड गदागदा हललं, तेव्हा मात्र चूप. जमलं म्हणजे जमलंच!

आईनं बाबांना फोनवर त्यांचंच चित्र दाखवलं. त्यांनी बराच वेळ निरखून पाहिलं.

"कोण हा म्हातारा?"



"फिरायला निघालेत," आई म्हणाली.

"मग जाऊ द्या की बिचाऱ्याला. अडवता कशाला?"

दादानं तोंड फिरवलं आणि फाटक उघडून धरलं.