आयपीसमधला केस

नानासाहेब औताडे सरांच्या तासाला पोरं हसल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. सर मुळात भिडस्त. फळ्याशीच बोलल्यासारखं शिकवायचे, आणि घंटा झाली की कुणी शंका विचारायच्या आत वाचनालय गाठायचे. त्यामुळं त्या दिवशी अकरावीची बॅच त्यांच्या एका वाक्यावर खदखदून हसली, तेव्हा सगळ्यात जास्त नवल त्यांचं त्यांनाच वाटलं. नवल, आणि खोटं कशाला बोला, आनंदही.

प्रात्यक्षिक परीक्षा होती. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याच्या पापुद्र्याची स्लाइड लावलेली. आयपीसमध्ये, म्हणजे डोळा लावायच्या नळीत, केसाचा बारीक तुकडा चिकटवलेला असतो. त्याचं टोक ज्यावर येईल ते ओळखायचं. सकाळी सरांनी स्वतः स्लाइड सरकवून ते टोक एका पेशीच्या न्यूक्लियसवर आणलं होतं. आयोडीननं रंगलेला तपकिरी ठिपका. शेजारीच हवेचा एक बुडबुडा अडकला होता. खरं तर स्लाइड दुसरी करायला हवी होती, पण न्यूक्लियस इतका सुरेख आला होता की सरांच्यानं ती मोडवेना.

पहिली बॅच बघून गेली. दुसरी आत यायच्या आधी सरांनी आयपीस काढला, रुमालानं पुसला आणि परत बसवला. हाताची सवयच ती.

उत्तरं तिथल्या तिथं तपासून सांगायचा त्यांचा शिरस्ता होता. दुसऱ्या बॅचमध्ये बाकी सगळ्यांनी ‘न्यूक्लियस’ लिहिलं होतं. एकट्या सत्यशीलानं लिहिलं होतं, ‘एअर बबल’.

सत्यशीला पिशोरकडची, वसतिगृहात राहणारी. आई-वडील अजून कळपामागं फिरत. वर्ष सुरू झालं तेव्हा ओळख करून देताना तिनंच हौसेनं सांगितलं होतं, “आमच्या कळपातलं एकूणएक मेंढरू मी तोंडावरून वळखते.”

सरांना ते नेमकं त्याच वेळी आठवलं.

“काय गं सत्यशीला, अख्ख्या कळपातलं मेंढरू न् मेंढरू ओळखू येतं, आणि पेशीतला एवढा न्यूक्लियस ओळखू येत नाही होय?”

सगळी बॅच हसत सुटली. मागून कुणीतरी “बेंऽऽ” केलं.

“सर, मला दिसलं ते लिवलं,” ती म्हणाली.

“अगं बाई, परीक्षेला बुडबुडा कुणी लावतं का?”

पुन्हा हशा. सरांना स्वतःचेही ओठ आवरले नाहीत. सत्यशीलानं दप्तर उचललं आणि खाली बघत ती बाहेर पडली.

पोरं गेल्यावर प्रयोगशाळेचा शिपाई रामकिसन आवराआवर करायला लागला. “सर, आज तुम्ही लई फॉर्मात व्हते राव!”

सर हसले. सूक्ष्मदर्शकावर खोळ घालण्याआधी त्यांनी सहज डोळा लावला, आणि ते हसू तिथंच विरलं. केसाचं टोक बुडबुड्यावर होतं. गोल, काळ्या जाड कडेचा बुडबुडा; नवख्यालाही ओळखू यावा असा.

केसाचं टोक नळीच्या मधोमध नव्हतं. आयपीस पुसून बसवताना जरा फिरला, तसं तेही घड्याळाच्या काट्यासारखं फिरलं होतं. पहिल्या बॅचनं व्हरांड्यात उत्तर सांगितलं होतं. दुसरीनं डोळा लावल्यासारखं केलं आणि तेच लिहिलं. आत बघितलं होतं एकटीनं.

“रामकिसन, चूक झाली.” सरांनी सगळं सांगितलं.

“मंग देऊन टाका तिला मार्क गुपचूप. कुणाला काय कळतंय?” रामकिसननं टेबलावर फडकं मारलं. “पण लवकर द्या. जाताना इचारत व्हती मला, आर्ट्सला जायचं तर कुणाला भेटायचं म्हून.”

सरांना शहागंजातून चहापत्ती न्यायची होती, तशीच राहिली. घरी बायकोनं, मंजुषाताईंनी, जेवताना विचारलं, “बरं नाही का?” तर म्हणाले, “बरा आहे.” मार्क गुपचूप देता येतील, पण हशा काही गुपचूप झाला नव्हता. आणि एक गोष्ट त्यांनी बायकोला सांगितली नाही: तो हशा आठवला की अजूनही, क्षणभर का होईना, त्यांना बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ती बॅच पुन्हा बोलावली. कालची स्लाइड तशीच होती; पापुद्रा ग्लिसरीनमध्ये असल्यानं सुकला नव्हता. बेत साधा होता. सत्यशीला बघेल, ‘बुडबुडा’ म्हणेल, मग बाकीचे बघतील. सरांना फारसं बोलावं लागणार नाही.

“काल केसाचं टोक कशावर होतं ते सगळ्यांनी नीट बघायचंय. सत्यशीला, आधी तू ये.”

ती आली. एक डोळा लावून बराच वेळ वाकून राहिली.

“न्यूक्लियस, सर.”

“आली लाइनीवर!” कुणीतरी कुजबुजलं. खसखस पिकली.

सरांनी घाईनं डोळा लावला. खरंच न्यूक्लियस. पोरांची वाट बघताना त्यांनी सवयीनं आयपीस पुन्हा पुसला होता. रुमाल अजून मुठीतच होता.

आता पुरावा गेला. ‘शाबास’ म्हटलं असतं तर सगळं तिथंच निभावलं असतं. तो शब्द जिभेवर आलाही. पण समोर ती उभी होती. बुडबुडा म्हणाली असती तर आज तिचीच जीत होती, आणि तरीही दिसलं तेच बोलली होती.

“काल ती बरोबर होती,” सर म्हणाले.

“सर, मोठ्यानं!” मागून आवाज आला.

सरांनी घसा खाकरला. “काल ही बरोबर होती. मी आयपीस पुसला, तेव्हा केस फिरला. हे बघा, असा.” त्यांनी नळी फिरवली. “मी डोळा न लावताच हिला चूक ठरवलं. आणि मेंढरांचं बोललो ते... ते बोलायला नको होतं. सत्यशीला, माझं चुकलं.”

कुणी हसलं नाही. हसले असते तर सरांना सोपं गेलं असतं.

“राहू द्या, सर,” ती म्हणाली, आणि जागेवर जाऊन बसली.

ती आर्ट्सला गेली नाही. रामकिसन म्हणाला, “बघा सर, मिटलं का नाय?” सरांनी मान डोलावली.

पण पुढच्या प्रात्यक्षिकाला सत्यशीलानं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, बघितलं, आणि उत्तर द्यायच्या आधी मान वर करून सरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांना काय हवंय ते तिथं शोधल्यासारखं. त्याच्या पुढच्या वेळीही तसंच.

तेव्हापासून ती वाकली की सर खिडकीकडे तोंड करून उभे राहतात, ती बोलेपर्यंत.