आदल्या दिवशीचे दोघे

संपतने विमान चालवायला शिकायचं ठरवलं तेव्हा त्याची पन्नाशी उलटली होती. हडपसरची जमीन आयटी पार्कात गेली होती. लहानपणी ज्या वावरात तो कांद्याला पाणी द्यायचा, तिथे आता काचेच्या इमारती होत्या. तेव्हा त्या वावरावरून ग्लायडर जायचे, आवाज न करता. वाफा फुटून पाणी बांधावरून वाहून जायचं, तरी हा आपला वरच बघत उभा. हातात पैसा आल्यावर भावकीतल्या लोकांनी गाड्या घेतल्या, मंगल कार्यालयं काढली. संपतने लायसन काढलं आणि एका इंजिनाचं, चार सीटचं जुनं विमान घेतलं.

शालू पहिल्यांदा बसली ती डोळे मिटून. दोन वर्षांनी नकाशा तिच्या मांडीवर होता आणि रेडिओवर तीच बोलायची. कागदपत्रंही तीच सांभाळायची.

दोन हजार अठराच्या जानेवारीत दोघं मालदीवला निघाले. कोचीहून समुद्र ओलांडायचा आणि मग कंडिफुशी, मावारू, फेनोगिरी या तीन बेटांवर एकेक मुक्काम करायचा, असा बेत होता. निघताना संपतच्या आईने, मथुराबाईंनी, कारळ्याच्या चटणीचा डबा सुनेच्या हातात दिला. शालूच्या लग्नातला तो स्टीलचा डबा. झाकणावर कोरलेलं होतं, ‘चि. सौ. कां. शालू हिस हिंदुरावमामांकडून सप्रेम भेट’.

कोचीला घोटाळा झाला. एका कागदावर शिक्का मारून घ्यायचा शालूकडून राहिला होता. त्यापायी अकरा तारखेचा अख्खा दिवस विमानतळाच्या कचेरीत गेला.

“तुझ्यामुळे एक दिवस बुडाला,” संपत म्हणाला. चूक तिचीच होती.

बारा तारखेला दुपारी ते कंडिफुशीला उतरले. धावपट्टीच्या टोकाला एक बैठी खोली आणि तिच्यात एक अधिकारी. मालदीवच्या लोकांना हिंदी बऱ्यापैकी येतं. त्याने दोघांना बघून हसत विचारलं, “काही विसरलात वाटतं?”

“आम्ही पहिल्यांदाच येतोय,” शालू म्हणाली.

त्याला ती थट्टा वाटली. त्याने रजिस्टर पुढे सरकवलं. शालू सही करायला वाकली आणि तशीच थांबली. वरच्या ओळीत त्यांच्याच विमानाचा नंबर होता. अकरा जानेवारी. आणि समोर मराठीत सही, शालू संपत. ‘श’ची गाठ ती नेहमी उघडी सोडायची, तशीच सोडलेली.

“अहो, हे बघा.”

संपतने बघितलं. बराच वेळ बघितलं. “तारीख चुकली असेल त्याची.”

“आणि सही?”

“आपण अकराला कोचीत होतो, शालू. बस्स. सही कर आणि चल.”

तिने खाली सही केली. शाईचा रंग सोडला तर दोन्ही सह्यांत काही फरक नव्हता.

त्या रात्री दोघांनी तो विषय काढला नाही. सकाळी मावारूकडे जाताना ऊन स्वच्छ होतं, खाली पाणी काचेसारखं. संपत खुशीत होता. शालू मात्र सारखी पुढे बघत होती. आकाशात कोणी नव्हतं.

मावारूला चाकं टेकली तोच एक माणूस हात हलवत धावत आला. तो तिथला धावपट्टीचा अधिकारी होता.

“बरं झालं परत फिरलात,” तो धापा टाकत म्हणाला. “फेनोगिरीहून तीनदा विचारणा झाली. सकाळी सातला इथून निघालात, आठपर्यंत पोचायला हवं होतं. दोन बोटी सोडल्या होत्या तुम्हाला शोधायला.”

“सोडल्या होत्या म्हणजे?” शालूने विचारलं.

“आता बोलावल्या परत. तुम्ही दिसलात ना.”

शालू पंखाच्या सावलीत खालीच बसली. तिने त्याला सगळं सांगायचा प्रयत्न केला. सकाळी गेले ते आम्ही नव्हे, ते दुसरे होते, त्यांना शोधा. अधिकाऱ्याने तिचं ऐकून घेतलं, पाण्याची बाटली दिली आणि संपतला हळूच म्हणाला, “बाईंना ऊन लागलंय.”

“अहो, तुम्ही तरी सांगा त्यांना.”

“काय सांगू? तोच नंबर, तीच नावं, तीच माणसं. मी त्याच्या जागी असतो तरी बोटी परत बोलावल्या असत्या.”

गेस्ट हाउसचा मालक हुसेन नावाचा म्हातारा होता. “तीच खोली देतो, अजून आवरलेली नाही,” असं म्हणत त्याने दार उघडलं. पलंगावर दोन माणसं झोपून उठल्याच्या वळ्या होत्या. खिडकीत स्टीलचा डबा होता.

“हा राहिला होता तुमचा,” हुसेन म्हणाला.

शालूने पिशवीतला आपला डबा काढून शेजारी ठेवला. दोन्ही झाकणांवर हिंदुरावमामांचं नाव. तिचा डबा अजून उघडला नव्हता. दुसऱ्यात चटणी निम्मी संपली होती.

हुसेन एकदा डब्यांकडे आणि एकदा तिच्याकडे बघत राहिला. मग खुर्चीत बसला.

“ते दोघं कसे होते?” शालूने विचारलं.

“तुमच्यासारखेच. बाई खूप आनंदात होत्या. सगळं वेळेवर झालं म्हणत होत्या, कागद, शिक्के, सगळं. सकाळी वारा जरा होता. मी म्हटलं, थांबा. तर साहेब म्हणाले, आता एकच बेट राहिलंय.”

संपत बाहेर निघून गेला. दुपारभर तो विमानापाशी होता. धावपट्टीवरच्या मेकॅनिकला घेऊन त्याने इंजिन उघडलं, तेल बघितलं, इंधनाच्या नळ्या बोटांनी चाचपल्या. कुठेही काही सापडलं नाही. संध्याकाळी तो हात पुसत खोलीत आला.

“विमान ठणठणीत आहे. वारा पडलाय. सकाळी निघू.”

“घरी?”

“घरी काय? इतकं लांब आलोय, शालू. आता एकच बेट राहिलंय.”

बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. दारात हुसेन चहा घेऊन उभा होता. त्याने ट्रे तसाच जमिनीवर ठेवला आणि तो मागच्या मागे गेला.

“ती तुमच्याबरोबर गेली,” शालू म्हणाली. तिचा आवाज अगदी शांत होता. “मी नाही येणार. तुम्हाला जायचं तर जा.”

लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत त्याला एकटं जाऊ देण्याची भाषा तिने कधी केली नव्हती. संपत पलंगाच्या कडेला बसला. चहा निवला, त्यावर साय धरली. मग त्याने खिशातून विमानाची किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली.

विमान तिथेच सोडून ते प्रवासी विमानाने पुण्याला आले. पुढे केरळातल्या एका माणसाने ते विकत घेतलं. तो अजून ते उडवतो, आणि त्याला कधी काही झालेलं नाही.

घरी मथुराबाईंनी पिशवी रिकामी केली. “दोन डबे? म्या तर येकच दिला व्हता.”

शालूने त्यांना सगळं सांगितलं. शेवटी सासूबाईंनी विचारलं, “मंग त्यास्नी कुनी हुडकलंच न्हाई?”

“नाही. आम्ही समोर उभे होतो ना.”

“रडायला बी कुनी न्हाई मंग त्यांच्यामागं.” मग म्हणाल्या, “धाव्वा तरी घाला.”

संपत नको म्हणत होता, पण आईपुढे त्याचं चाललं नाही. दहाव्या दिवशी सकाळी दोघं ओंकारेश्वराच्या घाटावर गेले. गुरुजींनी दर्भ मांडत विचारलं, “गेलेल्यांची नावं?”

संपतने स्वतःचं नाव सांगितलं, मग शालूचं.

“आणि विधी करणारे?”

त्याने पुन्हा तीच नावं सांगितली. गुरुजींनी चष्म्यावरून बघितलं. “जिवंतपणी करायची सोयही शास्त्रात आहे. पण सहसा लोक एवढी घाई करत नाहीत.”

दोन पिंड मांडले. समोरच्या पिंपळावर कावळे होते, शेजारी दुसऱ्या कुणी मांडलेल्या पिंडावर आले, खाऊन गेले. या दोन पिंडांकडे कोणी फिरकेना. अर्धा तास झाला. गुरुजी म्हणाले, “काहीतरी राहिलंय त्यांचं. ते पुरं करू, असं कबूल करा.”

शालू पुढे झाली. हात जोडून म्हणाली, “आम्ही समोर दिसलो म्हणून तुम्हाला कोणी शोधलं नाही. माफ करा.” कावळा आला नाही.

मग संपत पुढे गेला. पिंडांजवळ उकिडवा बसला आणि खाली वाकून काहीतरी पुटपुटला. घाटावरच्या गलक्यात शालूला ते ऐकू आलं नाही. तो उठून मागे सरकतो न सरकतो तोच दोन कावळे एकदम खाली उतरले, प्रत्येक पिंडावर एक.

गुरुजी समाधानाने सामान आवरू लागले.

“काय कबूल केलंत तुम्ही?” गाडीत बसल्यावर शालूने विचारलं.

“काही नाही.”

“अहो, काय कबूल केलंत?”

संपतने गाडी सुरू केली. “उशीर झालाय. आई जेवायची थांबली असेल.”

तिने पुन्हा विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी बँक उघडायच्या आधीच ती दारात जाऊन उभी राहिली. दोघांचे पासपोर्ट तिने लॉकरमध्ये ठेवले, आणि लॉकर आपल्या एकटीच्या नावावर करून घेतला.