पडद्यावरचा निरोप

वकिलाला जाहिरात करता येत नाही. साबणवाल्याला येते, विडीवाल्याला येते, मूळव्याध मुळापासून उपटणाऱ्या वैद्यबुवांना तर बिनदिक्कत येते; वकिलानं स्वतःचा डंका पिटला की मात्र धंद्याची अब्रू जाते म्हणे. अनंतरावांची अब्रू शाबूत होती, अशील तेवढे उरले नव्हते. सगळी वकिली ते उर्दूतून शिकले, उर्दूतून लढले, आणि पोलीस अ‍ॅक्शननंतर निजामी गेली तशी कोर्टाची जबानच बदलली. ज्या अर्जावर पूर्वी न्यायाधीश मान डोलवायचे, तसला अर्ज आता कुणी हातात धरेना. चाळिशीतल्या माणसानं पुन्हा मुळाक्षरांपासून सुरुवात करायची म्हणजे काय, हे ज्याचं त्यालाच ठाऊक.

तेव्हा त्यांनी एक युक्ती काढली. सिनेमा चालू असताना प्रेक्षकांतल्या कुणाला बाहेर बोलवायचं असलं, तर टॉकीजवाले काजळी धरलेल्या काचेवर सुईनं निरोप कोरत आणि ती काच दिव्यासमोर धरत. चालू चित्रावरच पांढरी अक्षरं उमटत. अमुक डॉक्टरांनी दवाखान्यात यावे, तमुक शेटजींचा माल आला आहे. अनंतराव स्वतःच स्वतःला बोलावू लागले. ‘श्री. अनंतराव, वकील, गुलमंडी. पक्षकार बाहेर थांबले आहेत.’ अक्षरं उमटली की ते सावकाश उठत, कोट झटकत, रांगेतल्या लोकांचे पाय तुडवत बाहेर जात, एक पान खात आणि परत येऊन बसत.

ती काच लिहायची उमा, त्यांची बायको. कंदिलाच्या ज्योतीवर काच फिरवून ती काजळी सारखी धरायची, मग बारीक सुईनं एकेक अक्षर मोकळं करायची. तिच्या हाताला अक्षराची जात कळत होती. गुलमंडीतल्या दुकानांच्या पाट्या त्या दिवसांत उर्दूतून नागरीत येत होत्या, आणि उर्दूला सरावलेले रंगारी अक्षरं अशी लिहीत, की वरच्या रेघेला दोरीवर धुणं वाळत घातल्यासारखी ती लोंबायची. उमा बाजारात जाताना त्या पाट्यांवर मनातल्या मनात चडफडत जायची. सिनेमातही तिचं लक्ष गोष्टीत कमीच. बायकांच्या बाजूला चिकाच्या पडद्याआड बसल्यावर ती सुरुवातीची नावं वाचायची, मध्यंतरातल्या जाहिराती वाचायची, कुणाचा ‘श’ पोटाशी सुटलाय ते पाहायची. तेवढ्या वेळात तिला संसाराचा विसर पडे. आणि नवऱ्याचं नाव तिच्या अक्षरात त्या एवढ्या मोठ्या पडद्यावर उमटलं की तिच्या अंगावर शहारा यायचा. तो वकिलीचा नव्हता, अक्षराचा होता.

पण औरंगाबादचे लोक काही दुधखुळे नाहीत. एका रविवारी अनंतराव कोट झटकत उठले तसा पुढच्या बाकड्यांवरून कुणीतरी ओरडला, "बसा वकीलसाब, पान आम्ही खिलवतो." अख्खी टॉकीज खदखदली. बायकांची बाजूही हसली. उमानं पदर तोंडावर ओढून घेतला. घरी आल्यावर तिनं सुई उचलून ठेवली आणि म्हणाली, "आता पुन्हा मी लिहिणार नाही. तुम्हीही कुणाकडून लिहून घेऊ नका. शपथ आहे माझी." अनंतरावांनी मान हलवली.

त्यानंतर महिनाभरानं उमाची आई अजिंठ्याहून आली. मनकर्णाबाईंना दम्यानं पार पोखरलं होतं, गावातलं औषध लागू पडेना. शहरातल्या डॉक्टरांच्या सुयांनी थोडा उतार पडला. लेकीशी बोलायचं खूप होतं, पण श्वास पुरत नव्हता. वाक्य अर्ध्यावर सोडून त्या हातानंच ‘नंतर’ म्हणायच्या. उमा रात्रंदिवस उशाशी होती. शेवटी मनकर्णाबाईंनीच तिला बाहेर काढलं. "जा गं. सिनेमा बघून ये जावयासंगं. मला बरं वाटतंय आज. आल्यावर बोलू निवांत." शेजारच्या चतुराबाई म्हणाल्या, "म्या बसते की हितं. जा तू बिनघोर." म्हणून दोघं दुपारच्या खेळाला गेली.

मध्यंतर होऊन गेलं होतं. पडद्यावर नायिका कुठल्याशा दिवाणखान्यात रडत होती, आणि तिच्या रडण्यावरच पांढरी अक्षरं उमटली.

‘अनंतराव वकील घरी या’

उमाचं काळीज धडधडलं ते रागानं. किती घाणेरडं अक्षर. ‘अ’ला पाय नाही, ‘घ’चा ‘ध’ झालेला, वरची रेघ तर मधेच तुटून पुढच्या शब्दाच्या डोक्यावर चढलेली. आपण नाही म्हटलं म्हणून ह्यांनी कुठल्या तरी अडाण्याकडून लिहून घेतलं. शपथ मोडली ती मोडली, वर हा मजकूर. पक्षकार संपले म्हणून आता घरी बोलावणं येतंय. खालच्या बाकड्यांवर हशा पिकलाच. काच काढली, परत लावली. उमानं मान फिरवली नाही. उलट ती अक्षरं एकेक करून तपासत राहिली, कुठं सुई घसरली, कुठं काजळी जास्त झाली. नवरा उठतो का, हे तिनं पाहिलंसुद्धा नाही. सिनेमा संपेपर्यंत ती धुमसत बसली.

बाहेर आल्यावर उमा नवऱ्याच्या पुढं तरातरा चालू लागली. कोपऱ्यावर वळून ती म्हणाली, "कुणाकडून लिहून घेतलंत?"

"काय?"

"ती काच. निदान बऱ्या अक्षराच्या माणसाला तरी द्यायची."

अनंतराव थांबले. "मी? मी कशाला लिहून घेऊ? मला वाटलं, कोर्टातल्या टवाळांनी चेष्टा केली. म्हणून तर उठलो नाही. उठलो असतो तर पुन्हा हसले असते."

म्हणजे बोलावणं खरंच होतं, हे उमाच्या ध्यानात आलं. तिनं चपला तिथंच सोडल्या आणि ती पळत सुटली. भर बाजारातून, डोक्यावरचा पदर सुटलेला, वाटेत कोण काय बोललं ते तिला कळलं नाही.

घराशी माणसं जमली होती. आईला जमिनीवर घेतलं होतं. चतुराबाई तोंडाला पदर लावून उशाशी बसल्या होत्या.

"आत्ता गेली गं," त्या म्हणाल्या. "तुम्ही गेल्यावर घटकाभरात दम लागला. डाक्टर येऊन सुई देऊन गेला, मंग जरा शुद्धीवर आली. लई येळ होती शुद्धीवर. सारकं इचारत व्हती, उमी आली का, उमी आली का. मला म्हनली, तिला एक सांगायचंय. मी म्हनलं, मला सांगा, मी सांगते. तर नाय म्हनली. तिलाच सांगते म्हनली."

"काय सांगायचं होतं?"

"नाय सांगितलं गं. तुझीच वाट बघितली."

उमानं आईचा हात धरला. तो अजून पुरता गार झाला नव्हता. टॉकीजपासून घर काही लांब नव्हतं. काच पहिल्यांदा लागली तेव्हा ती निघाली असती, तर आईनं तिला पाहिलं असतं, सांगायचं ते सांगितलं असतं. आता ते काय होतं, हे जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. ती रडली नाही. रडायचा हक्क आपल्याला नाही, असं तिला अगदी स्वच्छ वाटलं.

"आन् ह्या सांडूनं तरी," चतुराबाई दाराकडं बघत म्हणाल्या, "बोलावणं हिला, आन् लिव्हलं वकीलसाहेबांचं नाव. उमाचं नाव घालायचं हुतं की रे."

सांडू म्हणजे त्यांचा धाकटा दीर, गुलमंडीत कापड मोजणारा. तो उंबऱ्याबाहेर उभा होता. "बाईमान्साचं नाव पडद्यावर कसं लिव्हावं, वहिनी? टॉकीजवाल्यानं बी घेतलं नसतं."

खरंच होतं ते. उमानं आजवर इतक्या काचा पाहिल्या, पण बाईचं नाव कधी उमटलेलं पाहिलं नव्हतं, आणि तसं उमटावं असं तिच्याही कधी मनात आलं नव्हतं. आज तिचं नाव आलं असतं, तर अक्षर कसलंही असो, ती तीरासारखी उठली असती.

तिन्हीसांजेला अजिंठ्याच्या भावाची वाट बघत माणसं अंगणात बसली होती. अनंतराव भिंतीला टेकून बसले होते. सांडू हळूच आत, देहाशी बसलेल्या उमाजवळ आला. बोटांना अजून काजळी होती.

"उमावहिनी, एक इचारू? काच लिव्हनारा मानूस चहाला गेल्ता. म्हनून म्याच लिव्हलं. मी उर्दू शाळंत शिकलेला, नागरी आत्ता आत्ता येतीया. घाई बी लई हुती. मला आत सोडलं नाय, नायतर मीच हुडकलं असतं तुमाला. दोनदा लावाया लावली काच." तो काजळीची बोटं धोतराला पुसत राहिला. "माझ्या अक्षरामुळं झालं का हे? वाचता आलं नाय का तुमाला?"

उमाला त्यातला प्रत्येक काना, प्रत्येक मात्रा आठवत होती. खोटं बोलली तर हा माणूस आयुष्यभर जळेल, हे तिला कळत होतं. खरं बोलायचं तर तोंड उघडून काय म्हणायचं होतं, तेही तिला ठाऊक होतं, आणि ते आईच्या देहासमोर उच्चारणं तिला जमेना.

"नाही," ती म्हणाली. "वाचता आलं नाही."

सांडू तिथंच खाली बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला, आणि उमानं त्याला रडू दिलं.