‘धरले’ आणि ‘धरत आलो’

सेलोम आत्या बासष्टाव्या वर्षी इंग्रजीच्या वर्गाला जाऊ लागली, त्याला कारण एक ओळ होती. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाजवळच्या आमच्या बेटासमोरच्या खडकाळ उथळ पाण्यात एका कंपनीला मोत्यांची शेती करायची होती. तिथे आमचा मासेमारीचा हक्क आहे, असा अर्ज आत्यानं दिला होता. तिनं सांगितलं आमच्या बोलीत, लिहून घेणाऱ्या बाईंनी इंग्रजीत उतरवलं, ‘वी फिश्ड देअर.’ त्यावर कंपनीच्या वकिलानं कळवलं की अर्जदार स्वतःच म्हणतात, मासे धरले. म्हणजे ते कधीच संपलं.

आमच्या बोलीत क्रियापद बदलत नाही. पुढेमागे एखादा शब्द जोडला की झालं. त्यामुळे पहिले दोन महिने आत्या रडकुंडीला आली. शिक्षिका टेरिलबाईंना ती रोज विचारायची, की घडलं ते घडलं, मग त्याची इतकी रूपं कशाला? एकदा बाईंनी तिला विचारलं, नवरा कधी वारला आणि चर्चमध्ये कधीपासून गातेस. आत्या उत्तर देता देता थांबली. एक गोष्ट संपली होती, दुसरी चालू होती. त्या दिवशी ती घरी आली ती हसतच.

अर्जाची सुनावणी जवळच्या थर्सडे बेटावर झाली. मी दुभाष्या म्हणून शेजारी बसलो होतो. वकिलानं ती ओळ वाचून विचारलं, मासेमारी बंद कधी केलीत?

मी तोंड उघडणार, तोच आत्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

“तू गप्प बस रे,” ती मला म्हणाली आणि उभी राहून इंग्रजीत सावकाश बोलली. “ही ओळ चुकली आहे, साहेब. ‘वी फिश्ड’ नाही. ‘वी हॅव बीन फिशिंग.’ आजोबांच्या काळापासून धरत आलोय. माझा भाऊ या घटकेला तिथेच आहे, ‘ही इज फिशिंग.’ आणि तुमच्या कंपनीची पहिली होडी आली, त्याच्या आधीपासून आम्ही धरत होतो. ‘वी हॅड बीन फिशिंग.’ आता सांगा, यातलं बंद कुठलं?”

वकील कागद चाळत राहिला. अध्यक्षबाईंनी लेखनिकाला तिन्ही वाक्यं जशीच्या तशी उतरवायला सांगितली.

दीड महिन्यानं निकाल लागला. कंपनीला परवानगी नाकारली होती, आणि कारण म्हणून आत्याचं ‘वी हॅव बीन फिशिंग’ हे वाक्य छापलं होतं. आमच्या बेटावरच्या सभागृहात मी ते सगळ्यांना वाचून दाखवलं. आत्यानं ते तीनदा वाचायला लावलं. मग ढोल काढले, आणि सगळ्यांत आधी नाचायला तीच उठली.