खाडीकाठची लाखोरी

पहिलं बाळंतपण माहेरी, हे दिघोरीत कोणाला सांगावं लागत नाही. पण डॉक्टरीणबाईंनी भावनाला प्रवासाची सक्त मनाई केली. लेक माहेरी येऊ शकत नाही म्हटल्यावर माहेरानंच पिशव्या भरल्या. कापणीला आलेलं धान बायजाबाईनं नवऱ्याच्या, हिरालालच्या, हवाली केलं आणि ती गाडीत बसली. भंडाऱ्याहून नागपूर, नागपूरहून पुढं डोंगर, बोगदे, पुन्हा डोंगर. कार्तिकी पुनवेच्या दुसऱ्या दिवशी ती सिंधुदुर्गातल्या एका खाडीकाठच्या गावात उतरली, तेव्हा तिच्या कानात अजून रुळांचा खडखडाट होता, आणि त्याच्या मागून दुसराच एक आवाज येत होता. तो समुद्राचा होता. तो थांबतच नव्हता.

भावना इथल्या आरोग्य उपकेंद्रात करारावर होती. करार संपला की भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरला जायचं, फॅक्टरीत नोकरीला असलेल्या सुगतच्या क्वार्टरमध्ये संसार मांडायचा, असं नवराबायकोचं ठरलेलं. म्हणून उपकेंद्रामागच्या या दोन खोल्यांत सगळं तेवढ्यापुरतं होतं. तेवढ्यापुरती खाट, तेवढ्यापुरती चार भांडी, दाराला पडदा म्हणून जुनं पातळ. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो मात्र खिळा ठोकून पक्का लावला होता.

"घर नाई म्हणाचं याले," बायजाबाई म्हणाली. "हे तं यष्टी स्टँड हाये."

"थोडेच दिवस काढाचे आहेत माय. कायले राजवाडा पाहिजे?"

भावना हसली, पण गाल वर चढले नाहीत. चढायला गाल होतेच कुठं? सहावा महिना लागलेला, आणि लेकीच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

पोरीच्या अंगाला अन्न लागत नव्हतं. दिवसभर गावातल्या गरवार बायांना ती सांगायची, वेळेवर जेवा, हिरव्या भाज्या खा, गोळ्या चुकवू नका. आणि स्वतःच्या ताटावर बसली की दोन घासांत उठायची. भाजीत खोबरं, आमटीत खोबरं, हवेत मासळी. घरी बोडीतल्या, लहानशा तळ्यातल्या, मासोळ्यांवर ताव मारणारी पोरगी इथं पदर नाकाला लावून फिरत होती. माठ झाला, मुळा झाला, काही उतरेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, पुढच्या खेपेला वजन वाढलेलं दिसलं नाही तर जिल्ह्याच्या दवाखान्यात भरती करून घेऊ.

एकाच गोष्टीवर तिचं मन गेलं होतं. बायजाबाईनं घरून पुडीभर सुकी लाखोरीची भाजी आणली होती. लाखोरीचे, म्हणजे लाखेच्या डाळीच्या रोपाचे, कोवळे शेंडे खुडून, वाळवून ठेवलेले. लसूण-मिरचीत परतलेली ती भाजी भावनानं भाकरीवर घेऊन अशी खाल्ली की बायजाबाई तव्यावरची भाकर उलटायची विसरली. पण पुडी ती केवढी? चार दिवसांत संपली. आणि गेल्या सालची सुकी भाजी आता गावात कोणाच्याही घरी उरलेली नव्हती. हिरालालनं फोनवर सांगितलं, आंधळगावच्या पाहुण्यांपर्यंत विचारून झालं म्हणून.

"नवी भाजी निंगाले वेळ हाये," तो म्हणाला. "आता तं पेरून राहिले लोकं. आन निंगली तरी तिथपर्यंत येतवरी तिचा चारा होते."

"मंग पोरीनं का खावं?"

"समुद्राचं पानी प्याले सांग. मोठे मोठे लोकं पाहाले जातेत म्हणे."

"खारं हाये ते."

"मंग फुकटच गेलीस तू एवढ्या दूर," हिरालाल म्हणाला.

बायजाबाईजवळ लाखोरीचं बी होतं. पोरीला वडे करून घालावे म्हणून आणलेला डबाभर लाखोरी-दाणा, करडा, कोनाकोनाचा. वड्यांवर भावनाचं मन गेलं नाही, डबा तसाच राहिला. आता बायजाबाईचं लक्ष त्या डब्याकडे जायचं आणि डब्यावरून खिडकीबाहेर, खाडीकडे.

दिघोरीच्या बाईला पाणी नवं नव्हतं. गावाला लागून तलाव, तलावाखाली धानाच्या बांध्या. तलावाचं पाणी दिवाळीपर्यंत तुडुंब बसून राहतं आणि मग रोज बोटबोट मागं सरतं. सरत्या पाण्यानं मोकळा केलेला गाळ म्हणजे लोण्यासारखी जमीन. नांगर नको, खत नको. पाण्याच्या मागं मागं जायचं आणि बी फेकायचं. हे तिनं चालायला लागल्यापासून पाहिलेलं.

खाडीचं पाणी दिवसातून दोनदा येतं नि जातं, एवढं तिला दोन दिवसांत कळलं होतं. त्याचं तिला हसूही आलं होतं, सासर-माहेर करणाऱ्या सुनेसारखं वाटून. पण तिची नजर शेतकऱ्याची. पाणी कुठवर येतं, ती खूण तिनं रोज पाहिली. आली त्या दिवशी ते वरच्या दगडाला टेकलं होतं. दुसऱ्या दिवशी दगडाच्या खाली. मग आणखी खाली. आठवडा झाला तेव्हा वरचा गाळाचा पट्टा सबंध उघडा पडला होता, उन्हानं वरून सुकलेला, आत ओलसर, काळाभोर.

"उतरून राहिलं," बायजाबाई मनाशी म्हणाली. "इथलंबी दिवाळीनंतरच उतरते."

डब्यातलं बी तिनं रात्री भिजवलं, सगळं नाही. तिच्या सासूची शिस्त होती की बियाचा डबा तळाला जाऊ द्यायचा नाही. कितीही पेरलं तरी एक मूठ डब्यात राहिलीच पाहिजे. घरात बी आहे म्हणजे घरात पुढचं साल आहे. ती मूठ तेवढी तिनं ठेवली आणि बाकीचं बी सकाळी ओच्यात घेऊन ती खाडीवर गेली. साडी वर खोचून, कमरेपासून हात झुलवत, मूठ मूठ फेकत ती त्या पट्ट्यावरून चालली. आल्यापासून पहिल्यांदा तिच्या पायाला जमीन ओळखीची वाटली.

बांधावर शेजारची रुखमिणी उभी होती. तीही साठीची, नारळाखालच्या कौलारू घरात एकटी राहणारी. मासे घेऊन ती पहिल्या दिवशी आली होती, भावनाला मळमळलेलं पाहून तशीच परत गेली होती, तेव्हापासून दोघींचं बोलणं बेताचंच. बायजाबाईनं मान हलवली. रुखमिणीनं खाडीकडे पाहून हात जोडले नि ती निघून गेली.

"इथले लोकं भाविक दिसतेत," बायजाबाई घरी येऊन म्हणाली.

भिजवलेलंच बी ते. चौथ्या दिवशी गाळात दोन-चार पांढुरके कोंब दिसले. बायजाबाई जवळजवळ धावतच उपकेंद्राच्या दारात गेली.

"भावना, तुयी भाजी उगवून राहिली वं."

"कोठं?"

"माया शेतात."

"तुयं शेत दिघोरीत हाये माय."

"एक इथंबी हाये," बायजाबाई म्हणाली, आणि त्या दिवशी नुसत्या आशेवर भावनानं अर्धी भाकर जास्त खाल्ली.

मग अवस आली.

भर दुपारी, जेवणं व्हायच्या आधी, बायजाबाई धुणं वाळत घालत होती. खाडीकडे सहज पाहिलं तर पाणी गाळाच्या पट्ट्याच्या कडेला आलेलं. लाट नाही, आवाज नाही; गाय दावणीकडे येते तसं निवांत चालत येत होतं. हातातलं लुगडं तसंच टाकून ती उतरली. घरी बांधीचा धुरा फुटला की जे करायचं ते तिनं केलं. गुडघ्यावर बसली, दोन्ही हातांनी चिखल ओढून बांध घालू लागली. एक वीत, दोन वीत. पाणी बांधाला टेकलं, थोडं थांबल्यासारखं झालं, आणि बाजूनं वळून आत शिरलं. तिनं तिकडं चिखल टाकला. ते दुसरीकडून आलं.

"गो बाय! काय करतंस? वर ये!"

रुखमिणी बांधावरून हाका मारत आली, आणि पाण्यात उतरून तिनं बायजाबाईचा दंड धरला.

"माही लाखोरी चालली बाई," बायजाबाई म्हणाली. मांड्यांपर्यंत चिखल, केस सुटलेले.

"कसली लाखोरी?"

"मी पेरली होती ना. तुमी पाहिलं ना मले पेरताना."

रुखमिणीनं तिला बांधाकडे ओढलं. "ता पेरणा होता? माका वाटला, तुमच्याकडे खाडयेक धान दितत. आमी नारळ दितो, तशी तुमची रीत असतली. म्हणान मी गप रवलंय. हात पण जोडलंय."

"आमी बुद्धाचे लोकं. आमी पान्याले कायले वाहू?"

"माझ्या मेलीच्या काय ध्यानात? खाडयेच्या पाण्यात कोण पेरता, सांग माका."

"पानी उतरून राहिलं होतं. रोज उतरे."

"आठमीच्या भांगाक पाणी उतारता, उधाणाक चढता. पुनवेक नि अवसेक खाडी भरान येता. हयल्या पोरासोरांक पण ठावक असता गो."

"आमच्या इथं गेलेलं पानी परत येत नाही," बायजाबाई म्हणाली. "पावसाळ्यापर्यंत तं नाहीच."

दोघी बांधावर बसल्या. समोर सगळं पाणीच पाणी, त्यावर ऊन. पट्टा कुठं होता तेही दिसेना. बायजाबाईनं पदरानं हात पुसले. मग तिनं भावनाचं सगळं सांगितलं. चार दिवसांत संपलेली पुडी, वजन, भरती करायची भीती. सांगताना तिची बोली रुखमिणीला अर्धीच कळत होती. पण बांगड्या कोपरापर्यंत सरकतात हे हातानं दाखवलं तेव्हा तिनं मान हलवली.

"माजो कुणगो असा मागल्या दारी," रुखमिणी म्हणाली. "भात कापून झाला. गोड्या पाण्याची जमीन, आत अजून वल असा. मी थंय कुळीथ पेरतंय. कडेचो तुकडो तू घे."

"घेऊन का करू? बी नाही राहिलं."

पण ते खरं नव्हतं, हे बायजाबाईला बोलतानाच माहीत होतं.

संध्याकाळी तिनं डबा उघडून पाहिला, बंद केला, पुन्हा उघडला. हिरालालला फोन लावला. खाडीची गोष्ट ऐकून तो हसेल असं तिला वाटलं होतं. तो हसला नाही.

"डब्यातली मूठ हाये," ती म्हणाली. "तुमची माय असती तं हात लावू देली नसती."

"नसतीच देली."

"मंग?"

पलीकडे मळणी यंत्राची घरघर ऐकू येत होती. हिरालाल त्यापासून दूर गेला असावा, आवाज कमी झाला.

"माय डबा कायले राखे? पुढच्या सालासाठी ना? पुढचं साल तं तिच्या पोटात हाये. पेरून टाक."

दुसऱ्या दिवशी रुखमिणीच्या कुणग्यात, कापलेल्या भाताच्या खुंटांमधून, बायजाबाईनं ती शेवटची मूठ पेरली. यावेळी फेकली नाही. एकेक दाणा बोटानं दाबून ठेवला, जशी बाळाच्या टाळूवर तेलाची बोटं ठेवावी. आणि ठेवता ठेवता, इथं आल्यापासून गप्प असलेला तिचा गळा आपसूक सुटला:

दिघोरीची मी वं माय, दूर पान्याकाठी आली,
लेकीच्या घासासाठी मूठ बियाची रिती केली.

शेजारच्या पट्टीत कुळीथ टाकणारी रुखमिणी थांबून ऐकत राहिली. मग म्हणाली, "तुझो आवाज बरो असा. माशांचो वास येता म्हणान आजवर तोंड मिटून होतंस काय?" बायजाबाई हसली. ओच्यातला रिकामा डबा रुखमिणीनं ओढून घेतला, त्यात स्वतःच्या सुपातलं मूठभर कुळीथ टाकलं आणि झाकण घट्ट बसवलं.

"रिकामो डबो घरात बरो दिसणा नाय," ती म्हणाली. सासूची शिस्त तिला कोणी सांगितलेली नव्हती.

मधल्या दिवसांत भावना रुखमिणीनं केलेल्या कुळथाच्या पिठीवर निभली. खोबरं न घालता करायची, हे रुखमिणीला मोठं संकट वाटायचं, पण करायची. डॉक्टरीणबाईंनी काटा पाहिला, ओठ दाबले, आणि आणखी थोडी मुदत दिली. भावनाच्या दुखऱ्या कमरेला दोन्हीकडून दोन म्हाताऱ्या हात लावायच्या. बायजाबाईला आता रात्री समुद्राचा आवाज ऐकू येत नव्हता; म्हणजे येत असणार, पण ती झोपलेली असायची.

लाखोरी दाट उगवली. निळसर हिरवी, नाजूक, एकमेकींच्या गळ्यात हात घालून वाढणारी. वीतभर झाली त्या सकाळी बायजाबाई खुडायला बसली. फक्त शेंडे, तेही नखानं. कडेच्या एका ओळीला तिनं हात लावला नाही.

"ह्या कित्याक सोडलंस?" रुखमिणीनं विचारलं.

"बियाले. मी जाईन तवा वाळली नसन कदाचित. तुमी झोडपून घ्या. आन एक मूठ डब्यात ठेवा, संपवू नोका."

"तू जातलंस आणि तुझी लाखोरी हय रवतली?"

"तुमचं कुळीथ माया डब्यात येऊनच राहिलं ना दिघोरीले."

दुपारी भावना उपकेंद्राला कुलूप लावून आली, तेव्हा दारातच थबकली. लसणाचा, मिरचीचा, आणि त्याखाली ओल्या बांधीचा वास. ती पाटावर बसली. बायजाबाईनं भाकर वाढली, वर भाजीचा हिरवा गोळा. पहिला घास. दुसरा. बायजाबाई चुलीकडे तोंड करून बसली होती, मोजायचं नाही असं ठरवून. रुखमिणी मात्र उघड उघड टक लावून पाहत होती. तिनंही वाटीत थोडी भाजी घेतली होती, चाखली, पुन्हा चाखली.

"बरी असा," ती शेवटी म्हणाली. "वायच खोबरा घालूक व्हया होता."

"माय," भावना ताटावरून मान वर न करता म्हणाली, "भाकर हाये का अजून?"

बायजाबाईनं परातीत पीठ ओढलं.