वनकन्येचा बाप

दिशा शाळेत येईनाशी झाली, तेव्हा योगिनीबाईंना वाटलं, ताप असेल. पण वर्गात विचारलं तर मुली एकमेकींकडे बघून गप्प! प्राचीन रोमच्या कवींची आणि त्यांच्या पुराणकथांची ओळख बाई नववीला करून देत होत्या. बाकीची पोरं जांभया द्यायची. "मेलेल्या माणसांचं आम्हाला काय, बाई?" असं संदेशने तोंडावर विचारलंही होतं. दिशा मात्र डोळे मोठ्ठे करून ऐकायची.

शाळा सुटल्यावर बाई बंदराजवळच्या तिच्या घरी गेल्या. आई हौसा अंगणात मासळीच्या टोपल्या धूत होती. बाप लवू रावजीशेठच्या बोटीवर खलाशी. बोट किनाऱ्याला लागलेली, म्हणून तोही घरीच होता.

"बरं नाही का हिला?" बाईंनी विचारलं.

"तिला काय धाड भरलीय!" लवू म्हणाला. "शेठचा पोरगा गाडी घेऊन मागे लागतो. परवा भर रस्त्यात ओढणी धरलीन."

"मग शेठना सांगितलंत?"

"कसा सांगू? उद्या बोटीवरून काढलान तर खायचा काय? घरात बसली तर सुखरूप तरी राहील."

"चौकीवर जाऊ. मी येते बरोबर."

"नको बाई, पाया पडतो! पोरीचं नाव गावभर होईल."

बाईंना वाटलं, पगार महिन्याच्या महिन्याला घेणाऱ्या माणसाने उपदेश करावा तरी कोणत्या तोंडाने!

एवढ्यात दिशा दारात आली. "बाबा, बाईंनी रोमच्या कवीची एक गोष्ट सांगितली. एक देव वनकन्येच्या मागे लागतो. ती पळते, दम तुटेपर्यंत पळते. तिचा बाप म्हणजे नदीचा देव. ती हाक मारते, बाबा, वाचवा! आणि तो वाचवतो."

"बघ! बापच वाचवतो ना?"

"तिचं झाड करून टाकतो, बाबा! पाय जमिनीत रुततात, तोंडावर साल चढते. आणि तो देव? तिचीच पानं डोक्यावर घालून मिरवतो! त्याला कोणीच काही केलं नाही. झाड तिलाच का केलं, बाबा?"

हौसाने पदर तोंडाला लावला.

"देवापुढं बापाचं चालत नसंल गो, बाय," लवू कसाबसा म्हणाला.

"लवूदादा," बाई हळूच म्हणाल्या, "तुमचा नाइलाज मला कळतो. पण गुन्हा कुणाचा आणि कोंडलंत कुणाला, एवढं बघा. याला वाचवणं म्हणायचं का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी, बंदरावर मासळीचा लिलाव चालू असताना, लवू सगळ्यांसमोर शेठपुढे जाऊन उभा राहिला.

"शेठ, पोराला आवरा. माझी पोर आजपासून शाळेत जाणार."

रावजीशेठ हसले. "वय आहे रे त्याचं." मग हसू गेलं. "आणि तू उद्यापासून बोटीवर येऊ नकोस."

आजूबाजूचे खलाशी जाळ्यांत डोकं खुपसून बसले. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. एकानेही तोंड उघडलं नाही! अरेरे, काय ही आपली माणसं!

दिशा शाळेत आली. लवूला अजून दुसरी बोट मिळालेली नाही. शेठचं मन मोडून त्याला कोण घेणार? योगिनीबाईंनी चार ठिकाणी शब्द टाकून पाहिला, पण काही उपयोग झाला नाही.

नागरिकहो, एका बापाचे डोळे उघडले आणि त्याची किंमत त्याने एकट्याने मोजली. ओढणी धरली गेली तेव्हा त्या रस्त्यावर दुकानदार होते, रिक्षावाले होते, तुम्ही-आम्ही होतो. एका खलाशाला शेठ काढू शकतो. सगळेच खलाशी उठून उभे राहिले असते, तर बोट समुद्रात कोण नेणार होतं? मुलगी दाराला कडी लावून सुरक्षित होत नाही. शेजारी बोलायला लागतो, तेव्हा होते.

आज सकाळीही त्या रस्त्याने बाप-लेक दोघंच शाळेकडे चालत गेली.