माझ्यावर कुणाची हाय नाही

मी बंगला बोलतोय. जयपूरच्या मुरलीपुऱ्यात, सीकर रोडवरून आत वळलं की किराणा दुकानासमोर मी उभा आहे. बंगला म्हटलं म्हणून दचकू नका. खाली दोन खोल्या, वर दोन खोल्या आणि पुढं एक स्कूटर कशीबशी मावेल एवढं अंगण, इतकाच माझा पसारा. पण माझ्या पहिल्या मालकांनी गावाकडच्या पाहुण्यांना फोनवर ‘बंगला बांधला’ असं सांगून टाकलं आणि तेव्हापासून मी बंगला झालो.

मध्यंतरी मला दुसरंच नाव पडलं. ‘डिस्ट्रेस्ड प्रॉपर्टी’. म्हणजे म्हणे संकटात सापडलेली मालमत्ता. अहो, संकटात माणसं सापडली! मी आपला होतो तिथंच, होतो तसाच उभा होतो. कर्ज मी काढलं नाही, बुडवलंही मी नाही. तरी नाव खराब झालं ते माझं. विचार करून करून माझं डोकं फिरतं.

माझा जन्म सुभेदार दिनकररावांच्या हौसेतून झाला. माणूस साताऱ्याकडचा, नोकरी फौजेत, शेवटची बदली जयपूरच्या छावणीत. पत्नी मंदाकिनीबाईंना दम्याचा त्रास होता आणि इथली कोरडी हवा त्यांना मानवली. मग सुभेदार निवृत्तीनंतर गावी परतलेच नाहीत. त्यांनी इथंच जागा घेतली आणि मला उभं केलं. माझ्या भिंतींना पाणी मारायचं काम मंदाकिनीबाईंनी केलं, पदर खोचून, गवंड्यांना सातारी मराठीत दमात घेत. गवंड्यांना शब्द कळत नसत, पण जरब बरोबर कळायची.

उन्हाळ्यात इथं ऊन भाजून काढतं, म्हणून सुभेदारांनी प्रत्येक खिडकीवर दगडाचा रुंद छज्जा काढून घेतला. मागच्या खिडकीला कूलर ठेवायला लोखंडी चौकट बसवली. स्वयंपाकघर चारी बाजूंनी बंद ठेवलं, कारण बाईंच्या कांदा-लसूण मसाल्याची फोडणी पडली की समोरच्या दुकानातले पवनजी शिंकायला लागायचे. आत माणसं जेवताहेत, भांडताहेत, मोठ्यानं रेडिओ लावताहेत, असे ते दिवस होते. घराला आणखी काय हवं असतं?

मग सुभेदार गेले आणि त्यांचा मुलगा परीक्षित याच्या डोक्यात धंदा शिरला. जवळच्या बगरू गावात कापडावर ठसे मारून चादरी छापायचा कारखाना काढायचा होता त्याला. जयपुरात वाढलेलं पोर, त्याचं मराठी असं की आईलासुद्धा कधीकधी हिंदीत उत्तर द्यावं लागे. “आई, तू टेन्शन नको घेऊ. मतलब, सही करून दे फक्त. सगळं सेट होऊन जाईल.”

आईनं सही करून दिली. मला गहाण ठेवताना मला कुणी विचारलं नाही, पण ते राहू द्या. चादरी छापल्या, खपल्या नाहीत, आणि एका सकाळी बँकेची माणसं पोलिसांना घेऊन दारात उभी राहिली. त्यांनी माझ्या दर्शनी भिंतीवर लाल ऑइलपेंटनं हातभर अक्षरांत लिहिलं की हे मकान बँकेच्या ताब्यात आहे. गल्लीभर लोक जमले होते. मंदाकिनीबाई एक ट्रंक आणि मसाल्याचा डबा घेऊन बाहेर पडल्या आणि उंबऱ्यातच मोठ्यानं रडल्या. परीक्षित नोकरी शोधायला सुरतेला गेला. बाईंनी मागच्याच गल्लीत एक खोली भाड्यानं घेतली.

पुढं बरेच दिवस माझ्या दाराला सील होतं. माळ्यावर कबुतरांनी संसार थाटले. बाई दूध घ्यायला रोज माझ्यासमोरून जायच्या आणि माझ्याकडं न बघता जायच्या. माझा त्यांच्यावर राग नव्हता. पण एकदा तरी बघायचं होतं.

मग लिलाव झाला आणि अभिनव अवतरले. हे पुण्याचे, जयपुरात कॉम्प्युटरच्या कंपनीत होते. लिलावातली घरं स्वस्तात घ्यायची, नटवायची आणि विकायची, या धंद्यासाठी त्यांनी चांगली नोकरी सोडली होती. मी त्यांचं पहिलं घर. पत्नी शर्वरीला त्यांनी शब्द दिला होता की हे पहिलंच घर अडकलं, तर धंद्याचं नाव काढणार नाही आणि गुपचूप पुन्हा नोकरी धरीन. लिलावाचं घर आतून न बघताच घ्यावं लागलं, तेव्हा साहेब रस्त्यावर उभे राहून माझा व्हिडिओ काढत मोबाइलमध्ये बोलत होते, “मित्रांनो, बघा, बेसिकली हा हिरा आहे. फक्त घासायचाय.”

घासलं हो, मला अक्षरशः घासलं! सुभेदारांचे छज्जे ‘जुनाट दिसतात’ म्हणून फोडून टाकले. पश्चिमेच्या भिंतीला छतापासून जमिनीपर्यंत काच लावली. मे महिन्यात त्या काचेमागं बसून पापड भाजता येतील, पण सांगणार कोण? कूलरची चौकट भंगारात गेली. स्वयंपाकघराची भिंत पाडून ते दिवाणखान्यात उघडं केलं, पुण्यात म्हणे असंच असतं. शर्वरी एकदा म्हणाली, “अरे, पण इथली माणसं असं राहतात का?” त्यावर अभिनव म्हणाले, “लोकांना काय हवंय हे लोकांना माहीत नसतं गं.” मला हसावं की रडावं कळेना.

आणि ती लाल अक्षरं! त्यांनी पांढरा रंग मारला, अक्षरं वर आली. पुन्हा मारला, पुन्हा गुलाबी होऊन वर आली. शेवटी त्यांच्यावर प्लास्टिकच्या वेलींचा हिरवा पडदा लावला आणि त्याला ‘व्हर्टिकल गार्डन’ नाव दिलं.

गिऱ्हाइकं येऊ लागली. इथली एक रीत आहे, ती अभिनवना ठाऊक नव्हती. घर बघायला आलेलं माणूस आधी घरात येत नाही. ते समोरच्या दुकानात जातं, थंड पाण्याची बाटली घेतं आणि विचारतं, “भाईसाब, मकान कैसा है?” आणि पवनजी सगळं सांगतात. मग पार्टी माझ्याकडं एक नजर टाकते, गाडीत बसते आणि निघून जाते. जाताना प्रत्येकाचं एकच वाक्य, “बुढ़िया रोती हुई निकली थी। मकान को उसकी हाय लगी है।” हाय म्हणजे तळतळाट.

अभिनव पवनजींना समजवायला गेले. पवनजी इथल्यासारखं अदबीचं ‘सा’ लावत म्हणाले, “मैं अपनी तरफ़ से कुछ नहीं बोलता, सा। पर कोई पूछेगा तो झूठ कैसे बोलूँ?” मग अभिनवनी होम केला. धुरानं नवा पांढरा रंग पिवळा पडला. मग वास्तूवाला आणला, त्यानं नळाचं तोंड फिरवलं. गिऱ्हाइकं यायची, पाणी प्यायची आणि जायची. ज्याला त्याला माझी भीती वाटायला लागली. ज्या बाईनं मला पाणी पाजून उभं केलं, तिचा म्हणे मला शाप! मला तोंड असतं तर मी गल्लीत ओरडलो असतो.

शेवटी अभिनवना अफलातून कल्पना सुचली. ते मंदाकिनीबाईंना दुकानापाशी गाठून म्हणाले, “काकू, रविवारी एक पार्टी येतेय. तुम्ही फक्त एवढंच सांगा, की घर तुम्ही खुशीनं विकलं. मी रिक्षा पाठवतो, साडीही देतो.”

“खुशीनं?” बाईंचा आवाज माझ्या काचेपर्यंत आला. “घर माझं गेलं आणि वर खोटंबी मीच बोलू व्हय? लाज न्हाई वाटत?”

बरोबर आलेल्या शर्वरीनं तिथंच नवऱ्याचा दंड धरला आणि त्याला घरात ओढून आणलं. त्या दिवशी ती त्याला जे बोलली ते मी सांगत नाही, पण माझ्या मनातलंच बोलली.

रविवारी पार्टी आली. एका शाळेतल्या शिक्षिका, त्यांचा नवरा आणि सासूबाई. रिवाजाप्रमाणं आधी दुकान झालं. सासूबाईंनी हाय ऐकली आणि सुनेला म्हणाल्या, “चल बेटा, कोई और देखते हैं।” ते गाडीकडं वळणार, तेवढ्यात दुधाची पिशवी हातात घेऊन मंदाकिनीबाई तिथं उभ्या राहिल्या.

“रुकिए,” त्या म्हणाल्या. “जिसकी हाय लगी है बोलते हैं ना, वो मैं हूँ। अंदर चलिए।”

आणि त्या आत आल्या. इतक्या दिवसांनी. त्यांनी चपला बाहेर काढल्या, आत पाऊल टाकलं आणि उघडं स्वयंपाकघर बघून कपाळाला हात लावला. “अगं बया! फोडणीचा ठसका काय पाव्हण्यांच्या नाकात घालायचा? आणि छज्जं कुठं गेलं माझं?” अभिनव खाली मान घालून उभे होते.

सासूबाईंनी हळूच विचारलं, “बहनजी, आप दुखी होकर गई थीं?”

“हाँ। रोते हुए गई थी। झूठ क्यों बोलूँ?” मंदाकिनीबाईंनी दुधाची पिशवी ओट्यावर ठेवली. “बँक को कोसा मैंने। अपने बेटे को कोसा। सही करनेवाले अपने इस हाथ को भी कोसा। पर घर को क्यों कोसूँगी? इसने हमारा क्या बिगाड़ा? लोग मेरे नाम से इसको बदनाम करते हैं, ये मेरे को सहन नहीं होता। इसमें दिया जलना चाहिए, बस।”

मग सासूबाईंनी माझ्या भिंतीला हात लावला, तो हात कपाळाला लावला आणि सुनेकडं बघून होकाराची मान हलवली. अट एकच घातली, छज्जे परत बांधून द्यायचे आणि स्वयंपाकघराला भिंत घालायची. अभिनवनी दोन्ही कबूल केलं.

तर असा मी विकला गेलो. अभिनवचा धंदा वाचला. ते आता जगतपुऱ्यातल्या एका सील लागलेल्या फ्लॅटच्या मागं आहेत. परवा छज्जे आणि भिंत बांधून झाल्यावर किल्ल्या द्यायला आले तेव्हा शर्वरी त्यांना जिन्यात सांगत होती, “लिलावाला जायच्या आधी तिथं कोण राहत होतं ते विचारून ये. मगच भाव काढ.” ते ऐकतील असं मला फारसं वाटत नाही.

मला माणसं मिळाली. आज सकाळी नव्या घरच्यांचा गृहप्रवेश झाला. मंदाकिनीबाईंना आग्रहाचं बोलावणं होतं. दिवाणखान्यात पंगत बसली, दालबाटी वाढली गेली आणि कुणीतरी पाणी मागितलं. बाई सवयीनं उठल्या. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेल्या. शिक्षिका सूनबाई लगबगीनं आडवी आली आणि प्रेमानं म्हणाली, “अरे, आप बैठिए ना आंटीजी। आप तो मेहमान हैं।”

बाई क्षणभर तिथंच उभ्या राहिल्या. मग “हाँ, हाँ” म्हणत परत आल्या आणि सगळ्यांत कडेच्या पाटावर मांडी घालून बसल्या. जेवता जेवता त्यांचा डावा हात मात्र माझ्या भिंतीवर टेकलेला होता, आणि त्यांनी तो शेवटपर्यंत काढला नाही.